लाल चौकोनाच्या घरी

सकाळी पावणेसात

चहा गॅसवर असतानाच मोबाइलवर निक्षय उघडते. टीबीच्या रुग्णांची देशभरची नोंद २०१२ पासून या पोर्टलवर होते. माझ्या वस्तीतल्या ज्या रुग्णांकडे गोळ्यांची वाजणारी पेटी आहे, त्यांच्या नावापुढे महिन्याचं कॅलेंडर दिसतं. काल झाकण उघडलं असेल तर चौकोन हिरवा, नाही तर लाल. आज चार लाल आहेत. एक जण गावी जालन्याला गेलाय आणि पेटी इथे कपाटात ठेवून गेलाय. दुसऱ्याच्या खोलीत नेटवर्क धरत नाही. नोंदी पेटीतच साठतात आणि कधीतरी एकदम तीन दिवसांचे हिरवे चौकोन येतात. उरलेल्या दोघांकडे आज जायचंच. शिवाय एका हिरव्याकडेही जायचं आहे.

पेटी दिसायला साधी आहे. पुठ्ठ्याचा डबा, त्यात गोळ्यांची पानं आणि कोपऱ्यात सिमकार्ड घातलेलं छोटं यंत्र. ठरलेल्या वेळी ती वाजते आणि हिरवा दिवा लागतो. पिवळा दिवा लागला की नव्या गोळ्या घ्यायला यायचं, लाल लागला की बॅटरी उतरली. झाकण उघडल्याची वेळ यंत्र टिपतं आणि पाठवतं. यापलीकडे तिला काही कळत नाही. झाकण कोणी उघडलं, गोळी पोटात गेली की नाही, हे तिला ठाऊक नसतं. टीबी हेल्थ व्हिजिटरचं माझं काम तिथून पुढे सुरू होतं.

साडेआठ

गोवंडीतली ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून पाण्याचा ड्रम आला तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. ज्या बाईंकडे निघाले आहे, त्यांच्या कॅलेंडरवर एकही लाल चौकोन नाही. पण महिन्याभरात वजन एकेचाळीस किलोवरून हललेलं नाही. औषधं लागू पडली की बहुतेकांची भूक उघडते, चेहरा भरतो. त्यांचा भरत नव्हता.

घरी सासूबाई होत्या. पेटीचं विचारलं तर म्हणाल्या, "रोज आठला वाजायला लागतं बघा. शेजारीण विचारते, आजी, कसला आवाज गं? मग मी उघडते नि लगेच बंद करते."

"आणि गोळ्या?"

"ती कामावरून आली की घेत असंल."

पानं बाहेर काढून मोजली. या वजनाला रोज तीन गोळ्या. मागची मोजणी होऊन आठ दिवस झाले होते, म्हणजे चोवीस जायला हव्या होत्या. पंधराच गेल्या होत्या. आठ हिरव्या दिवसांत तीन दिवस औषध पोटात गेलं नव्हतं.

आजींवर रागावायचं काही कारण नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत, पातळ भिंतीपलीकडे शेजार असताना, रोज एकाच वेळी वाजणारा डबा म्हणजे आजाराची जाहीर दवंडीच. त्यांनी सुनेला झाकायचा प्रयत्न केला होता. ती सून सकाळी सातला घर सोडते, चार घरांत स्वयंपाक करते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उलटी झाली तर काम जातं. टीबी आहे असं कळलं तर चारही घरं जातील.

दुसऱ्या कामावरून तिसऱ्याकडे जाताना बसस्टॉपवर त्यांना गाठलं. "ताई, मी मुद्दाम नाही चुकवत," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मी डॉक्टरांना फोन लावला. रोज घेतल्या जाणार असतील तर रात्री, अगदी थोडं खाऊनही चालतील, असं त्यांनी सांगितलं. यातल्या रिफाम्पिसिनसाठी रिकामं पोट बरं असतं हे खरं, पण पुस्तकातल्या वेळेला चुकण्यापेक्षा सोसेल त्या वेळेला रोज घेतलेली गोळी मला हवी आहे. अलार्म रात्री साडेनऊचा करून घेतला. त्या वेळी घराघरांत टीव्ही चालू असतो, आवाज त्यात मिसळून जाईल. आजींना निरोप ठेवला की झाकण आता सूनबाईच उघडतील.

साडेदहा

हेल्थ पोस्टवर नवा रुग्ण वाट पाहत होता. हमाली करणारा माणूस, वजन त्रेपन्न किलो, थुंकीत जंतू सापडलेले. रोज चार गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं असतात, हे दोन महिने चालेल, पुढचे चार महिने तीन औषधांची गोळी. बँक खात्याचे कागद घेतले, पोषणासाठी महिना हजार रुपये त्यात येतील. नोव्हेंबर २०२४ पूर्वी पाचशेच यायचे. मग पेटी समोर ठेवली.

"यात फोटो निघतो का, मॅडम?"

नाही निघत. पेटीवर आजाराचं नावही ठळक दिसू नये, हे मी बघून घेतलं आहे. तुम्ही कुठे जाता ते मला दिसत नाही, फक्त झाकण उघडल्याची वेळ दिसते, आणि ती तुमच्या मुकादमाला कधीही कळणार नाही. पेटी नको असेल तर औषध तसंही मिळेल. हे सगळं मी पहिल्या दिवशीच सांगते, कारण पाळत वाटली की माणूस झाकण उघडतो आणि गोळी खिशात टाकतो. नको म्हणणाऱ्यांना मिस्ड कॉलची सोय सांगते: पानावरची गोळी काढली की मागे लपलेला नंबर दिसतो, त्या टोल फ्री नंबरवर फोन लावायचा, पैसे पडत नाहीत. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याबरोबर कामाला जातो, तिथे बायकांनी गोळ्या घेऊनही चौकोन लालच राहतात.

लघवी लालसर, नारिंगी होईल, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. ते रक्त नव्हे, रिफाम्पिसिनचा रंग.

यंत्रापूर्वीचा काळ कसा होता हे माझ्यापेक्षा सीनियर सहकाऱ्यांनी जास्त पाहिलं आहे. १९९७ पासून देशात डॉट्स आलं. रुग्णाने केंद्रावर यायचं आणि कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या, तेव्हा आठवड्यातून तीनदा. त्या पद्धतीने असंख्य जीव वाचले, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण नाक्यावर काम मिळवणाऱ्याला सकाळी नाक्यावरच उभं राहावं लागतं. केंद्राच्या रांगेत ती वेळ गेली की त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय मोठ्या माणसाला दुसऱ्यासमोर तोंड उघडून दाखवायला लावणं मला कधीच बरं वाटलं नाही. २०१७ मध्ये रोजच्या गोळ्यांची पद्धत देशभर आली आणि रोज केंद्रावर बोलावणं अवघडच झालं. आपल्या घरात, आपल्या हाताने औषध घेण्याचा मान पेटीने रुग्णाला परत दिला, म्हणून मी तिच्या बाजूने आहे.

एक वाजता

लाल चौकोनाचं पहिलं घर. अठरा वर्षांचा मुलगा, बारावी झालेला, औषधांना दाद न देणारा टीबी. आता बेडाक्विलिनसकट चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा कोर्स आहे, त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. याचा मात्र जुना, अठरा ते वीस महिन्यांचा कोर्स चालू आहे. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात. आणि सायक्लोसेरिन मन खचवू शकतं. हे औषध चालू असलेल्या मुलाचे सलग दोन लाल चौकोन मी उद्यावर टाकत नाही.

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई म्हणाली, "दोन दिवस झाले, बोलतच नाही." मी पेटीचा विषयच काढला नाही. शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की मित्रांनी फोटोत त्याला ओळखलं नाही, विचारलं, हा कोण काळा? झोप लागत नाही, वाईट विचार येतात. कसले, तेही मी स्पष्ट विचारलं. असं विचारलं म्हणून कोणाच्या मनात नवे विचार शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. तिथूनच ड्रग रेझिस्टंट टीबीच्या डॉक्टरांना फोन केला, लगेच घेऊन या म्हणाले. रिक्षा बोलावली, मायलेकांबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी सायक्लोसेरिन थांबवलं, मानसोपचार विभागात दाखवलं, बाकीची औषधं कशी चालू ठेवायची ते ठरवलं. रंग हळूहळू उजळतो, पण औषध संपल्यावर काही महिने जातात, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

पेटीने मला दोन चौकोन दाखवले. ती नसती तर महिनाअखेरीच्या मोजणीपर्यंत मला पत्ता लागला नसता, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे होता असं मला वाटत नाही.

साडेतीन

परत टेबलावर, नोंदी. दुसरा लाल चौकोन फोनवरच सुटला: बॅटरी उतरली होती, बाईंनी गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. ते दिवस मी हाताने भरले.

प्रशिक्षणात चीनमधल्या चाचणीबद्दल ऐकलं होतं. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या एसएमएसने काही फरक पडला नाही; वाजणाऱ्या पेटीने मात्र बऱ्याच गोळ्या चुकलेल्या महिन्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलं. पुढे तिथेच झालेल्या दुसऱ्या चाचणीत उपचारांच्या अंतिम निकालात फरक दिसला नाही. मला हे पटतं. चुकलेला दिवस यंत्राने दाखवल्यावर त्या घरी कोण जातं, किती लवकर जातं आणि जाऊन काय करू शकतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पेट्या वाढवताना आमची माणसं वाढत नसतील, तर लाल चौकोन स्क्रीनवरच राहतील.

आणि गोळ्या तर हव्यातच. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक राज्यांत टीबीच्या औषधांचा तुटवडा झाला. तेव्हा पिवळा दिवा लागलेले लोक रिकामे डबे घेऊन यायचे आणि आम्ही आठवड्याऐवजी दोन-तीन दिवसांच्या गोळ्या द्यायचो. कॅलेंडरवर तो खंड रुग्णाच्या नावावर पडतो. गोळ्या कुठे अडकल्या याचं कॅलेंडर रुग्णाला दिसत नाही, ते दिसलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सात वाजता

शेवटची भेट एका वॉचमन काकांची. रात्रपाळी असल्यामुळे ते दिवसा झोपतात, संध्याकाळी सहाला उठतात आणि त्यांची पेटी साडेसहाला वाजते. ही वेळ त्यांनीच निवडली, त्यामुळे एकही खाडा नाही. मोजणी जुळली, वजन दोन किलोने वाढलं होतं. पण आज ते पायांची बोटं दाखवून म्हणाले, "मॅडम, सुया टोचल्यासारखं होतंय." आयसोनियाझिडने असं होतं, पायरिडॉक्सिनची गोळी असते त्यावर. ती त्यांना दिली होती, पण वेगळ्या पानात होती, पेटीत बसली नाही म्हणून टीव्हीमागे राहिली होती. पान शोधून पेटीत घडी करून बसवलं. डॉक्टरांना दाखवायला उद्या या म्हटलं, तर म्हणाले, उद्या ड्युटी डबल आहे. मग परवा सकाळी पाळी सुटली की घरी न जाता थेट हेल्थ पोस्टवर यायचं ठरलं, साडेआठला.