ओझोनच्या छिद्राने दिलेलं उत्तर

हवामानबदल समजून घेताना : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण कार्बन डायऑक्साइडचा जागतिक हिशेब पाहिला. ते आकडे वाचले की मनात पहिला प्रश्न येतो तो असा : एवढ्या मोठ्या जगात मी एकट्याने काही केलं काय आणि नाही केलं काय, फरक कुठे पडणार? देशही हेच म्हणत असतात. दुसरे ऐकत नसतील तर आम्हीच का सोसायचं? या प्रश्नावर आज मी एक घडून गेलेली हकिगत सांगणार आहे. हवेत साठत चाललेल्या एका घातक वायूचं उत्पादन जगातल्या सगळ्या देशांनी मिळून थांबवलं, ही ती हकिगत. तिची सुरुवात घरोघरच्या खरेदीपासून झाली होती.

न खपलेले डबे

जून १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या कॅलिफोर्नियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांचा लेख ‘नेचर’मध्ये छापून आला. फ्रिज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांत तेव्हा क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी हे वायू वापरले जात. ते इतके टिकाऊ की जमिनीलगतच्या हवेत कशानेच मोडत नाहीत. हळूहळू वर चढतात आणि ओझोनच्या थरात पोचल्यावर अतिनील किरणांनी फुटतात. त्यातून सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो, असं या दोघांनी दाखवलं. ओझोनला पडलेलं छिद्र तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्यांनी हा निष्कर्ष धुडकावून लावला.

अमेरिकेतल्या सामान्य लोकांनी मात्र तो मनावर घेतला. दुर्गंधीनाशकाचे आणि केसांवर मारायच्या स्प्रेचे डबे घेणं अनेकांनी सोडलं, आणि खप घसरला. १९७५ मध्ये जॉन्सन वॅक्स या कंपनीने आपल्या डब्यांतून सीएफसी काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ओरेगन राज्याने बंदीचा कायदा केला आणि १९७८ मध्ये स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसीवर अमेरिकेत देशभर बंदी आली.

एका घराने न घेतलेल्या डब्याने ओझोन वाचला नाही, हे खरंच आहे. पण खप घसरल्यावर कंपन्यांना पर्याय शोधावे लागले, आणि बंदी आणली तर मतदार रागावणार नाहीत हे लोकप्रतिनिधींना कळलं. वैयक्तिक कृतीची खरी ताकद इथे असते. तिच्यामुळे कायदा करणाऱ्याची वाट सोपी होते.

या हकिगतीत आपल्याकडचाही एक माणूस आहे. वीरभद्रन रामनाथन हे मूळचे तमिळनाडूचे. तरुणपणी ते सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर कारखान्यात इंजिनिअर होते. फ्रिजमधला वायू इतक्या लवकर का गळतो, हे शोधणं त्यांचं काम. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी याच वायूंचा वातावरणावर काय परिणाम होतो ते तपासलं. सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपेक्षा दहा हजार पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो, हे त्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे ओझोनचा शत्रू तापमानवाढीलाही हातभार लावत होता.

खर्च कुणी उचलायचा?

मे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं भगदाड जगापुढे आणलं. त्यानंतर सव्वादोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करार झाला. तरी भारत आणि चीन बाहेरच राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे वायू हवेत सोडले श्रीमंत देशांनी, आमच्याकडे तर फ्रिज अजून मोजक्या घरांत आहे, मग नव्या तंत्रज्ञानाचा भुर्दंड आमच्यावर का?

हा मुद्दा रास्त होता, आणि तो मान्य झाला हे महत्त्वाचं. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत श्रीमंत देशांच्या पैशातून एक निधी उभारायचं ठरलं. गरीब देशांतल्या कारखान्यांना बदलासाठी त्यातून मदत मिळणार होती. मुदतही त्यांना जास्त होती. १९९१ मध्ये चीन आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. आज जगातले सगळे देश या करारात आहेत. अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

नुसत्या सहीवर हे झालं नाही. २०१८ मध्ये सीएफसी-११ हा बंदी घातलेला वायू हवेत अपेक्षेइतका घटत नसल्याचं मोजमापांतून उघड झालं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या नोंदींवरून माग पूर्व चीनपर्यंत गेला. जगाचं लक्ष गेलं, चीनने कारवाई केली आणि हे उत्सर्जन पुन्हा खाली आलं. चोरी पकडता येते, हा विश्वास असला की बाकीचे देशही शब्द पाळतात.

तुमच्या गॅलरीतला एसी

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. सीएफसीच्या जागी पुढे जे एचएफसी वायू आले, ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे करारात दुरुस्ती झाली. ती नीट पाळली गेली तर शतकाअखेरपर्यंत जवळपास अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. २०३२ पासून आपण हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करत जाणार आहोत आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे.

यातला सामान्य माणसाचा वाटा अगदी हाताशी आहे. आर-४१०ए हा असाच एक एचएफसी गॅस अनेक घरांतल्या एसींमध्ये आहे. त्यातला एक किलो हवेत गेला तर सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी हानी होते. आणि तो जातो कधी? घर बदलताना एसी काढला जातो तेव्हा. घाईत पाइपचा नट सैल केला की फुस्स आवाज होतो आणि सगळा गॅस उडून जातो. नव्या घरी पुन्हा गॅस भरायचे पैसे पडतात ते वेगळेच.

चांगला मेकॅनिक असं करत नाही. तो आधी बाहेरच्या युनिटवरची बारीक पाइपची झडप ॲलन कीने बंद करतो आणि कॉम्प्रेसर चालू ठेवतो. आतल्या युनिटमधला आणि पाइपमधला गॅस ओढला जाऊन बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो. मग जाड पाइपची झडप बंद करायची, एसी बंद करायचा आणि त्यानंतरच नट खोलायचे. याला पंप डाउन म्हणतात आणि त्याला काही मिनिटं पुरतात. ‘दादा, पंप डाउन करूनच काढा,’ एवढं सांगायचं. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे हे ओळखून आधी जोड तपासून घ्यायचे.

नवा एसी घेताना आत कोणता गॅस आहे तेही विचारा. आर-३२ची उष्णता अडवण्याची क्षमता आर-४१०एच्या साधारण एक तृतीयांश आहे आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेनची तर नगण्य. हे प्रोपेनवरचे एसी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झालेले आहेत. प्रोपेन ज्वलनशील असल्याने ते बसवायला प्रशिक्षित माणूसच हवा. २०१९ च्या सरकारी आराखड्यानुसार तेव्हा देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता आणि २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे आपले बहुतेक एसी अजून विकत घ्यायचे आहेत. निवड करायला आपल्याला वाव आहे तो यामुळेच.

मग कार्बनचं काय?

इथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायही लवकर सापडले. कार्बन डायऑक्साइड वीज, वाहनं, सिमेंट, पोलाद अशा सगळ्या व्यवहारांतून निघतो. ही लढाई कितीतरी अवघड आहे. पण लोकांनी मागणी बदलायची, सरकारने नियम करायचे, श्रीमंतांनी खर्चाचा वाटा उचलायचा आणि कुणीतरी सतत मोजत राहायचं, ही रीत तीच राहते. आज कार्बनच्या बाबतीत अडतंय ते मुख्यतः तिसऱ्या गोष्टीपाशी, पैशापाशी. म्हणून आपल्या सरकारने जागतिक परिषदांत निधीसाठी भांडणं जितकं रास्त, तितकंच आपण आपल्या महापालिकेकडे चांगल्या बससेवेचा आणि आपल्या सोसायटीत छतावरच्या सौरऊर्जेचा आग्रह धरणं गरजेचं. एकटा माणूस वातावरण बदलू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण वातावरण सुधारणारे नियम आजवर जिथे झाले, तिथे कुणी ना कुणी एकट्याने आधी सुरुवात केलेली होती.

पुढच्या लेखात या चौकटीतून आपल्या विजेकडे पाहू : महाराष्ट्राची वीज कोळशावरून सूर्याकडे न्यायची तर खर्च किती, आणि तो कुणाच्या वाट्याला?