ऑक्सिजन येतो पाण्यातून

झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन देतात, हे वाक्य शाळेत सगळ्यांनीच घोकलेले असते. वाक्य खोटे नाही, पण त्यामुळे डोक्यात चुकीचे चित्र बसते. झाड त्या वायूतला कार्बन ठेवून घेते आणि उरलेला ऑक्सिजन सोडून देते, असे वाटू लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच शास्त्रज्ञांचाही हाच समज होता.

त्यावर शंका घेतली कॉर्नेलिस व्हॅन नील या मूळच्या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियात तो जांभळ्या गंधक-जीवाणूंवर काम करत होता. हे जीवाणू प्रकाशात अन्न तयार करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. सडक्या अंड्यांना ज्याचा वास येतो, तोच हा वायू. कार्बन डायऑक्साइड तेही घेतातच, तरी त्यांच्याकडून ऑक्सिजन बाहेर पडत नाही, गंधक तयार होते. मग हिरव्या पानात पाणीच फुटत असणार आणि ऑक्सिजन तिथूनच येत असणार, असा कयास त्याने बांधला. इतका देखणा तर्क जीवशास्त्रात क्वचितच सापडतो.

पुरावा मिळाला १९४१ साली, बर्कलेत. सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, मिसळलेले पाणी दिले. शेवाळाने सोडलेला ऑक्सिजनही जड निघाला. मग पाणी साधे ठेवून जड ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड पुरवणाऱ्या कार्बोनेटातून दिला, तर बाहेर आलेला वायू पाण्यासारखाच साधा!

श्वसनाची गंमत याच्या उलट. श्वासातून घेतलेला ऑक्सिजनच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जात असेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पेशींतल्या मायटोकाँड्रियात त्याचे पाणी होते. भाकरीतला कार्बन वायू होऊन बाहेर पडतो, पण त्याच्या जोडीचा ऑक्सिजन अन्नातून आणि पेशीतल्या पाण्यातून आलेला असतो. पाण्यातून सुटलेला ऑक्सिजन असा पुन्हा पाण्यात जातो, आणि हवेतून घेतलेला कार्बन हवेत.

झाडेही श्वसन करतात, तेही दिवसरात्र. पानांनी बनवलेल्या साखरेतला जवळपास निम्मा वाटा झाड स्वतःच खर्च करते. आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो’ हा संदेश तपासून पाहा. पाण्याचा रेणू फोडायला प्रकाश लागतो. निवडुंग, अननस यांसारख्या वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात खऱ्या, पण ऑक्सिजन त्याही उजाडल्यावरच सोडतात. पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. इतर झाडांसारखा तोही ऑक्सिजन घेतोच.