अमेरिकेत पेशंटच्या खटल्याला 'स्थगिती' मिळते म्हणजे कंपनी सुटते का?

खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा सदोष निघतो. पेशंट कंपनीवर खटला भरतो. काही आठवड्यांत बातमी येते, 'फेडरल कोर्टाची खटल्याला स्थगिती.' वाचून वाटतं, झालं, कंपनी सुटली!

तसं नसतं. खटला फेटाळलेला नसतो. तारखा, कागदपत्रं, साक्षी हे सगळं आहे तिथेच थांबतं, दावा मात्र जिवंत राहतो.

पण थांबवायचं कशाला? जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2010 मध्ये तिने 'एएसआर' सांधे जगभरातून परत मागवले. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण पेशंटच्या शरीरात उतरत होते. मग अमेरिकेतल्या अनेक कोर्टांत खटले पडले. कंपनी तीच, सांधा तोच. असे फेडरल खटले सुनावणीपूर्व कामासाठी एकाच न्यायाधीशाकडे सोपवण्याचा अधिकार सात न्यायाधीशांच्या एका पॅनेलला आहे. एएसआरचे खटले डिसेंबर 2010 मध्ये ओहायोत गेले.

पॅनेलचा निर्णय येईपर्यंत मूळ कोर्टातलं काम आपोआप थांबत नाही. स्थगिती मागावी लागते. 1936 च्या लँडिस निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, थांबण्याने समोरच्याचं नुकसान होण्याची शक्यता असेल, तर स्थगिती मागणाऱ्याने स्वतःची खरी अडचण दाखवली पाहिजे.

गोम पुढे आहे. पेशंट अनेकदा राज्याच्या कोर्टात जातो, कंपनी खटला फेडरल कोर्टात ओढते आणि लगेच स्थगिती मागते. 'माझा खटला परत पाठवा' हा पेशंटचा अर्ज तसाच पडून राहतो. काही न्यायाधीश आधी तो अर्ज निकाली काढतात, काही सरळ स्थगिती देतात. कंपनीसाठी हे काही महिने वकिलांच्या फीचे. पेशंटसाठी दुखऱ्या खुब्याचे.

एएसआरमध्ये 2013 साली सुमारे अडीच अब्ज डॉलर्सची तडजोड झाली, पण ती अमेरिकेतल्या पेशंटसाठी. हाच सांधा भारतातही बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या एफडीएने 2011 मध्ये पोलिसांत तक्रार दिली. केंद्राने भरपाईचं सूत्र ठरवलं ते 2018 मध्ये: 30 लाख ते सुमारे 1.23 कोटी रुपये.