फिशटँकखालचा सम्प : खरी परीक्षा वीज गेल्यावर

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि काही भागांत तो सुरळीत होण्यास अनेक तास लागले. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, लिफ्ट बंद पडल्या. अशा वेळी दिवाणखान्यात मोठा फिशटँक आणि त्याखालच्या कपाटात सम्प असलेल्या घरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. पंप थांबल्यावर वरचे किती पाणी खाली उतरणार, आणि ते सम्पमध्ये मावणार का? सम्प बसवण्याचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरते. तरीही टाकी बनवून घेताना नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

सम्प म्हणजे काय?

सोसायटीच्या आवारात जमिनीखालच्या ज्या टाकीत पालिकेचे पाणी साठते आणि तेथून पंपाने गच्चीवर चढवले जाते, तिला सम्प म्हणतात, हे शहरी वाचकाला ठाऊक आहेच. फिशटँकचा सम्प त्याच धर्तीचा असतो. फरक इतकाच, की येथे पाणी अखंड फेऱ्या मारत असते. वरच्या टाकीत ठरावीक पातळीपलीकडे गेलेले पाणी काठावरील खाचांतून ओसंडते, नळाने खाली सम्पमध्ये येते, तेथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर पोहोचवतो.

सम्पचे साधारणपणे तीन कप्पे असतात. पहिल्यात स्पंज किंवा गाळणपिशवी विष्ठा आणि उरलेले खाद्य अडवते. दुसऱ्यात सिरॅमिकच्या कड्या किंवा सच्छिद्र दगड असतात. त्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्जनातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तिसऱ्या कप्प्यात पंप असतो. पाण्याचे एकूण प्रमाण वाढते, पृष्ठभागावरचा तेलकट तवंग निघून जातो आणि हीटरसारखी उपकरणे नजरेआड राहतात, हे सम्पचे आणखी काही फायदे.

गणित इंचांचे

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीचे उदाहरण घेऊ. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. तिची पातळी एक इंच उतरली, तर २८ लिटर पाणी खाली येते. पंप बंद पडताच पाणी खाचांच्या पातळीपर्यंत ओसरते. परंतु पाणी वर आणणाऱ्या नळाचे तोंड पृष्ठभागाच्या खाली बुडालेले असेल, तर तोच नळ वक्रनलिकेसारखा उलटे पाणी ओढू लागतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही.

हे तोंड दोन इंच खोल असेल, तर ५७ लिटर आणि नळांतले व ओसंडण्याच्या कप्प्यातले धरून सुमारे ७० लिटर पाणी खाली येईल. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच सम्पमध्ये दर इंचाला साडेबारा लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे ७० लिटरसाठी जवळजवळ सहा इंच जागा लागेल. अठरा इंच उंचीच्या या सम्पमधील चालू पातळी दहा इंचांवर ठेवली, तर आठ इंच मोकळे राहतात आणि पाणी सहज मावते. मात्र नळाचे तोंड सहा इंच खोल ठेवले असेल, तर सुमारे १८५ लिटर पाणी खाली धाव घेईल. त्यातले ऐंशीहून अधिक लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या, फरशीवर येतील. मग खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल धरणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

यावरचा उपाय स्वस्त आहे. नळाचे तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवावे आणि पाण्याच्या पातळीलगत नळाला एक लहान छिद्र पाडावे. पातळी छिद्राखाली जाताच त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एकदिशा व्हॉल्व्हवर मात्र विसंबू नये. शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकली, की तो पूर्ण मिटत नाही.

उलट बाजूचा धोका

वीज असतानाही पाणी सांडू शकते. उतरणीच्या नळात पान किंवा मासा अडकला, तर पंप पाणी वर चढवतच राहतो. म्हणून पंपाच्या कप्प्यात वरच्या टाकीला सामावता येईल इतकेच पाणी असावे. हा कप्पा एक फूट लांब, दीड फूट रुंद आणि त्यात आठ इंच पाणी असेल, तर तो रिकामा होईपर्यंत वर २८ लिटर, म्हणजे एकच इंच पाणी चढेल. वर दोन इंच काठ मोकळा ठेवला, की धोका टळला. उतरणीचा नळ चढणीच्या नळापेक्षा मोठ्या व्यासाचा असावा आणि शेजारी किंचित उंचावर आणीबाणीसाठी दुसरा नळ असावा.

नळांसाठी काचेला भोके पाडण्यापूर्वी काच टफन्ड नाही याची खात्री करून घ्यावी. तशा काचेला ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. साध्या काचेला हिऱ्याचा मुलामा असलेल्या बिटने, पाणी सोडत, सावकाश भोक पाडता येते.

भार आणि विजेचे भान

पाणी, बारा मिलिमीटरची काच, सम्प आणि स्टँड मिळून हा पसारा एक टनाच्या घरात जातो. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग २) गृहीत धरलेला भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो आहे. टाकीचा तळ मात्र जेमतेम १.१ चौरस मीटरचा असतो. भार स्लॅबवर पसरत असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही. तरीही जागा तुळईलगत निवडावी आणि इमारत जुनी असल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा.

पंपाच्या वायरला प्लगपूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतील. प्लग सम्पच्या वर कपाटात नसावा आणि या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. बाष्पीभवनाने घटणारे पाणी पंपाच्याच कप्प्यात कमी होते. पंप कोरडा पडून जळू नये म्हणून तेथे किमान पातळीची खूण असावी.

माशांचे काय?

पंप थांबल्यावर वरच्या टाकीत नवे पाणी येत नाही आणि मासे उरलेल्या प्राणवायूवर जगतात. गोड्या पाण्यात २० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात वीज गेली, तर हाताशी वेळ कमी असतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असावा तो यासाठीच.

मासे सोडण्यापूर्वी टाकी भरून पंप सुरू करावा, पाणी स्थिरावले की प्लग काढावा आणि उतरणारे पाणी पूर्ण थांबेपर्यंत सम्पजवळून हलू नये. पाणी जेथे थांबेल, तेथे काचेवर रेघ ओढावी. त्यानंतर पंप पुन्हा सुरू करून दोन्ही पातळ्या मूळ जागी येतात का, ते पाहावे. हवेसाठी पाडलेले छिद्र शेवाळाने बुजते, तेव्हा दर महिन्याला ते साफ करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. पाणी रेघेच्या वर गेले, तर छिद्र किंवा नळ तपासण्याची वेळ झाली असे समजावे.