पंख्याआधी गोठ्याचं छप्पर पाहा

गावाकडचं घर पक्कं झालं की पुढचा विषय निघतो गोठ्याचा. बेळगावकडे जुना कौलारू गोठा पाडून नवा बांधताना बरेचदा चारही बाजूंनी विटांच्या उंच भिंती, वर सपाट पत्रा आणि एक लोखंडी दरवाजा असा बेत ठरतो. दिसायला काम मजबूत. पण उन्हाळा आला की आत जनावरं धापा टाकतात, दूध कमी होतं आणि शहरातल्या मुलांना फोन येतो, ‘पंख्यांसाठी पैसे पाठवा.’

पैसे जरूर पाठवा, पण आधी गोठ्याचा आकार विचारा.

चांगली दुधाळ संकरित गाय साधारण हजार वॅटच्या हीटरइतकी उष्णता बाहेर टाकते, तीही दिवसरात्र. त्यात श्वासातली वाफ आणि शेण-मुतातून निघणारा अमोनिया. ही गरम हवा वर चढून आढ्याखाली साठते. तिथे वाट असेल तर ती निघून जाते आणि वळचणीखालून ताजी हवा आत येते. वारा पडलेला असला तरी हे चालू राहतं. जुन्या कौलांच्या फटींतून हवा आपोआप निसटायची, सलग पत्र्यातून ती निसटत नाही. मग पंखा तीच दमट हवा गोल फिरवत बसतो. लॅपटॉपच्या जाळ्या बुजवल्या तर आतला पंखा कितीही फिरला तरी उपयोग होत नाही, तसंच हे.

म्हणून छप्पर दुपाखी आणि उताराचं हवं. तीन फुटांमागे एक फूट चढ चांगला. आढ्यावर सलग फट ठेवावी. रुंदीच्या दर दहा फुटांमागे दोन इंच हा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तीस फुटी गोठ्याला सहा इंच. पावसासाठी त्यावर उचललेली टोपी बसवता येते. लांब बाजूंच्या भिंती तीन-चार फुटांवर थांबवाव्यात. गोठा जितका रुंद, तितकी मधली जनावरं ताज्या हवेपासून लांब. त्यामुळे जनावरं वाढली तर रुंदीपेक्षा लांबी वाढवणं बरं.

दिशेचा मात्र थोडा पेच आहे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत कमी शिरतं. पण आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि तो आखूड बाजूच्या भिंतीवर आदळतो. तिथे पावसापासून आडोसा ठेवून वरच्या भागात जाळी द्यावी. घर किंवा कडब्याची गंज अगदी चिकटून असेल तर तीही वारा अडवते.

थंडीत सगळं पोत्यांनी बंद करायचा मोह होतो. थेट झोत अडवावा, आढ्याची फट मात्र उघडीच ठेवावी, नाहीतर ओल आणि अमोनिया आत कोंडून राहतात.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पहाटे गोठ्यात शिरा. डोळे चुरचुरले तर हवा अडली आहे. मग उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. आढ्याखालीच घुटमळला, तर पहिला खर्च पंख्यावर नव्हे, छपरावर करायचा.