पाहुण्या विद्यार्थ्यांचा हिशेब

ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपीचे, म्हणजेच भौतिकोपचाराचे, काही विद्यार्थी पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिक अनुभवासाठी नेपाळ, श्रीलंका, टांझानिया यांसारख्या देशांतील रुग्णालयांत काही आठवडे जातात. ही व्यवस्था लावून देणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. त्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतात. या उपक्रमामागील सदिच्छेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या व्यवहाराचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

गरज मोठी आहे, हे निर्विवाद. २०१९ साली जगातील सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसनोपचाराने लाभ होऊ शकेल असे विकार होते, असा अंदाज ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला आहे. परंतु पक्षाघाताने लुळा पडलेला हात चार-सहा आठवड्यांत कामास लागत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने परिश्रम आणि रुग्णाला समजेल अशी भाषा लागते. पाहुणा विद्यार्थी मात्र रुग्णाची ओळख होते न होते तोच परततो. शिवाय त्याच्यावर देखरेख ठेवावयाची ती मुळातच दुर्मीळ असलेल्या स्थानिक तज्ज्ञाने. त्या तज्ज्ञाचा पाहुण्यासाठी गेलेला प्रत्येक तास रुग्णाच्या वा स्थानिक विद्यार्थ्याच्या वाट्यातून वजा होतो. अर्थशास्त्र यालाच वैकल्पिक खर्च म्हणते. शुल्काच्या पावतीवर तो दिसत नाही, इतकेच.

वस्तुतः येथे शिकतो तो पाहुणाच. खुर्चीत बसणारे रुग्ण पाहिलेल्या विद्यार्थ्याला मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसाचा गुडघा नवा धडा देतो. जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला कृत्रिम पाय याच गरजेतून जन्मला. मग गुरुदक्षिणा यजमानाला का मिळू नये?

याबाबत मुंबईचा अनुभव बोलका आहे. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी पोलिओच्या साथीनंतर केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने. मदत तेव्हाही बाहेरूनच आली होती. पण ती शिक्षक घडविण्यासाठी आली. म्हणूनच पाहुणे गेल्यावरही विद्यालय राहिले.

तेव्हा यजमान संस्थांनी तीन अटी घालाव्यात. शुल्काचा ठरावीक हिस्सा स्थानिक अध्यापकांचे वेतन व साधनांसाठी मिळावा. एकाच रुग्णालयात वर्षभर लागोपाठ तुकड्या याव्यात आणि प्रत्येकीने रुग्णांची लेखी नोंद पुढच्या तुकडीच्या हवाली करावी. तसेच, पाहुण्यांच्या विद्यापीठाने यजमान देशातील विद्यार्थ्यांनाही आपल्याकडे जागा द्यावी. व्हिसा आणि प्रवासखर्च यांची जबाबदारीही उचलावी. अशा विद्यार्थ्यांचा यजमान आपला देशही आहे. त्यामुळे हा हिशेब मागण्याचा आरंभ आपल्या महाविद्यालयांनीच करावयास काय हरकत आहे? आदरातिथ्य हा आपला धर्म खरा. पण त्याचा भार रुग्णाच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.