कार्बन फायबरच्या केबल: मुद्दा ताकदीचा नाही, गंजाचा आहे

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये, म्हणजे केबल ताणून आधीच दाबात ठेवलेल्या काँक्रीटमध्ये, पोलादी केबलऐवजी कार्बन फायबर वापरायचं ते अधिक मजबूत असतं म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. आकडे पाहिले तर तो फारसा टिकत नाही. नेहमीची पोलादी केबल १८६० मेगापास्कलला तुटते. कार्बन फायबरची २००० च्या पुढे, कधी बरीच पुढे. पण पोलाद त्याच्या क्षमतेच्या साधारण पाऊण हिश्शापर्यंत ताणता येतं, तर कार्बन फायबर सुमारे ६५ टक्क्यांवरच थांबवतात. एवढ्यात आघाडीतला बराच भाग संपतो. खरा फायदा निराळा आहे: ते गंजत नाही. मांडवी नदीवरचा पणजीचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याचं वय दीड दशकाच्या आसपास होतं आणि दोष प्रामुख्याने गंजलेल्या केबलकडे गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, जपानच्या इशिकावा प्रांतात समुद्राच्या खाऱ्या हवेने खराब झालेल्या एका छोट्या पुलाच्या जागी शिनमिया पूल उभा राहिला, तो कार्बन फायबरच्या केबल ताणून.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की हे द्रव्य ठिसूळ आहे. पोलाद तुटण्याआधी लांबतं, सूचना देतं. कार्बन फायबर दीड-दोन टक्के ताणलं की एकदम तुटतं. आक्षेप खरा आहे, पण तो केबलला लागू पडतो, गर्डरला जसाच्या तसा नाही. केबल तुटण्याआधी काँक्रीट चिरडलं जाईल असं प्रमाण ठेवून गर्डर आखता येतो. मग भेगा आणि झोळ आधी दिसतात. शिवाय पोलाद नेहमी सूचना देतंच असंही नाही. वेल्समधला इनिस-ई-ग्वास पूल १९८५ मध्ये कसलीही चाहूल न देता पडला. नळीत दडलेल्या केबल आतून गंजत होत्या आणि बाहेरून काही कळत नव्हतं.

माझ्या मते अडचण ठिसूळपणापेक्षा आडव्या दाबाची जास्त आहे. सगळे तंतू एकाच दिशेने धावतात, म्हणून लांबीत बळकट असलेली केबल बाजूने मात्र कमजोर असते. पोलादी केबल पकडणारी दातेरी पाचर कार्बन फायबरच्या केबलला चिरडून टाकते. त्यामुळे टोकं रेझिनने किंवा फुगणाऱ्या मिश्रणाने भरलेल्या नळीत धरावी लागतात, आणि असे अँकर महाग पडतात. पुलाच्या तळाला कार्बन फायबरच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या म्हणजे प्रीस्ट्रेसिंग झालं, हाही ताकदीसारखाच एक गैरसमज. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख पुलाची एक केबल चुकून कापली गेली. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो पट्ट्यांनी भागवलं. मात्र न ताणता चिकटवलेली पट्टी नंतर येणाऱ्या भाराचाच वाटा उचलते. आधीचा भार जिथल्या तिथे राहतो.

गंजत नाही म्हणून निर्धास्त होणंही बरोबर नाही. आगीत तंतू टिकले तरी त्यांना धरून ठेवणारं रेझिन शंभर-दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. आणि कार्बन वीजवाहक असल्यामुळे ओलाव्यात त्याला खेटून असलेलं पोलाद उलट लवकर गंजतं, म्हणून दोघांमध्ये अंतर राखावं लागतं. एवढी उस्तवार खाडीवर किंवा समुद्रकाठी परवडते. कोरड्या हवेतल्या साध्या पुलाला, केबलच्या नळीत सिमेंटचं ग्राउट नीट भरलेलं असेल तर, पोलाद पुरेसं आहे.